दाजींचा एफ-१५० पिकअप आणि २९ फुटी ट्रेलर, न्यावा का?

निपाणीचा ट्रॅक्टरवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा हाय, पण इथं ट्रॉलीवाले पण हायत आणि बाहेर राहून आलेले पण, म्हणून विचारतो. आमची आक्का आणि दाजी डॅलसला असतात, दाजींकडं फोर्ड एफ-१५० हाय, तिकडं त्याला हाफ-टन पिकअप म्हणतात. आता ते वापरलेला एक ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं म्हणतायत, म्हणजे मागं जोडून न्यायची चाकावरची खोलीच, पलंग, गॅस, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं आत. लांबी २९ फूट. रिकामं वजन ६,२०० पाउंड आणि भरून जास्तीत जास्त ७,६००, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण २,८०० आणि ३,४५० किलो. विकणारा म्हणतोय तुमचा ट्रक ११,००० पाउंड ओढतोय, बिनघोर न्या.

मे मधे मी आणि आई जाणार आहोत, बाबा म्हशी सोडून येत नाहीत. आक्का, दाजी, भाची, आई आणि मी, पाच जण डॅलसवरून अमरिलो, रॅटन करत कोलोरॅडोला जायचं ठरलंय. दाजी म्हणाले तू डबल ट्रॉली चालवतोस, तुला काय अवघड, अर्धं अंतर तूच घे. मला नेमकं तेच खटकतंय. तीन वर्षांमागं तवंदी घाट उतरताना उसानं भरलेली मागची ट्रॉली रेटायला लागली, ट्रॉलीला ब्रेक नव्हता, मी ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला तशी मागची आडवी आली आणि मोळ्या सगळ्या रस्त्यावर. माणूस कुणी लागलं नाही देवाच्या कृपेनं. पण सीटखालून कोणतरी ढकलतंय असं जे वाटलं ते अजून अंगातून गेलं नाही. ट्रॅक्टर तेव्हा २० च्या स्पीडला होता, हे १०० च्या स्पीडला जाणार आणि आत माझी आई बसणार.

तर ओढायची ताकद हाय म्हणजे झालं का? अजून काय काय बघायचं असतं?

टिळकवाडीची वहिनी
भाऊ, तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलंय. आम्ही नऊ वर्षं डेन्व्हरला होतो, आमच्याकडे रॅम १५०० होता, तो पण हाफ-टनच, आणि मागे २४ फुटी ट्रेलर. ११,००० हा आकडा बाजूला ठेवा. तो काढताना गाडीत फक्त चालक आणि एक माणूस धरतात, दोघंही १५० पाउंडांचे, म्हणजे ६८-६८ किलोचे. तुम्ही पाच जण आणि बॅगा.

खरा आकडा ट्रकच्या ड्रायव्हरच्या दारात आहे. दार उघडलं की खांबावर एक पांढरं-पिवळं स्टिकर दिसतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोपेक्षा जास्त नको. त्याला पेलोड म्हणतात. ट्रेलरचं जे वजन हुकावर बसतं ते सुद्धा त्यातच मोजायचं, हेच लोकांना माहीत नसतं आणि विकणारा सांगत नाही. दाजींना म्हणावं आधी त्या स्टिकरचा फोटो पाठवा. नेटवर मॉडेलचा आकडा शोधू नका, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, सनरूफ, मोठी चाकं, भारी सीट घेतल्या की तेवढं वजन पेलोडमधून जातं.

आमची पहिली ट्रिप सांगते. संध्याकाळी निघालो, समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला लाईट मारतोय, आम्हाला कळेना काय झालं. नंतर उतरून बघितलं तर ट्रकचा मागचा भाग खाली बसलेला, तोंड वर, आणि हेडलाईट लोकांच्या डोळ्यात. यांच्या हातात स्टिअरिंग हलकं लागत होतं ते पण त्यामुळेच, पुढच्या चाकांवर वजनच नव्हतं. पुढच्याच गावात रात्र काढली आणि सकाळी सामान कमी केलं.

उद्यमबागचा मेस्त्री
वहिनींनी बरोबर सांगितलं, मी थोडं हुकाचं सांगतो. आपली चार चाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, ट्रॅक्टरनं नुसतं ओढायचं. दोन चाकी ट्रॉलीत तसं नाही, मोळ्या पुढं जास्त भरल्या की हुक दाबतो आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलतंय, मागं जास्त भरल्या की दांडीच वर उठतीय. हा ट्रॅव्हल ट्रेलर दोन चाकी ट्रॉलीच्याच जातीचा समजा, एक्सल दोन असले तरी ते मधोमध जवळजवळ असतात. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढच्या बॉलवर, म्हणजे ट्रकच्या हुकावरच्या गोळ्यावर, बसायला पाहिजेच. कमी बसलं तर गाडी हलकी झाली म्हणून खुश व्हायचं नाही ओ, मग ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ते थांबत नाही.

दुसरं, एवढा ट्रेलर साध्या बॉलवर न्यायचाच नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणून वजन वाटून देणारा हुक येतोय, दोन स्प्रिंगच्या दांड्या असतात, त्या ताणून लावल्या की मागच्या चाकावरचं काही वजन पुढच्या चाकावर जातं आणि थोडं ट्रेलरच्या एक्सलवर. ट्रकच्या हुकाजवळ एक लेबल असतंय बघा, त्यावर साध्या बॉलवर किती आणि ह्या हिचवर किती असे दोन वेगळे आकडे असतात. नीट बसलंय का कसं कळायचं, तर टेप घ्या, ट्रेलर जोडायच्या आधी पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजा, जोडल्यावर परत मोजा, दांड्या ताणल्यावर परत मोजा. पहिल्या मापाजवळ परत यायला पाहिजे, किती जवळ ते गाडीच्या पुस्तकात असतं. मी इथं बसून दुसऱ्यांची कामं करूलालोय ती पण अशीच, अंदाज नको, टेप लावा.

खानापूरकर
एवढं घाबरायचं काम नाही राव. माझा मावसभाऊ तिकडंच ३० फुटी ट्रेलर एफ-१५० ला लावून सगळीकडं फिरतोय, चार वर्षं झाली. इंजिन दणकट आहे, चढाला सुद्धा दम लागत नाही त्याला.

टिळकवाडीची वहिनी
@खानापूरकर इंजिनाबद्दल वाद नाहीच, टर्बोवालं असेल तर रॅटनच्या खिंडीत, जिथे उंची ७,८०० फुटांच्या वर आहे, तिथे पण ओढेल. तुमच्या भावाच्या दारावरचं स्टिकर काय म्हणतं ते विचारा, एफ-१५० मधेच जास्त पेलोडचं पॅकेज मिळतं, त्याचं तसं असेल. एकाचं चाललं म्हणून दुसऱ्याचं चालेल असं नाही, दोघांचे ट्रक बाहेरून सारखे दिसले तरी.

निपाणीचा ट्रॅक्टरवाला
दाजींनी फोटो पाठवला. १,५४० पाउंड, खाली ६९८ किलो लिहिलंय. मला खरंच वाटेना, आपला बोलेरो पिकअप १.७ टनाचा मॉडेल पाठीवर १,७०० किलो घेतो आणि हा एवढा धिप्पाड ट्रक ७०० पण नाही?

टिळकवाडीची वहिनी
हो, कारण तो बसायला मऊ केलेला आहे, आणि त्याचं स्वतःचं वजनच दोन टनाच्या वर असतं. हाफ-टन हे नाव जुनं आहे, पूर्वी हौद्यात अर्धा टन म्हणजे १,००० पाउंड न्यायचा तेव्हाचं, ते तसंच चिकटलंय.

आता हिशोब करू. ट्रेलर भरून ७,६०० पाउंड, रिकाम्या वजनावर हिशोब अजिबात करू नका, पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली तर तेवढ्यातच १५० किलो होतात, मग गॅसचे बाटले, बॅटरी, भांडी, कपडे. १३ टक्के धरले तर हुकावर ४४८ किलो. हिच स्वतः ४० किलोच्या आसपास. माणसं पाच, भाची लहान आहे म्हणून ३१५ किलो धरू. झाले ८०३. स्टिकर ६९८ म्हणतंय. शंभर किलो वर, आणि अजून हौद्यात एक बॅग पण टाकलेली नाही. मेस्त्री म्हणाले तसं हिच थोडं वजन ट्रेलरच्या चाकांवर ढकलतं, पण त्या भरवशावर शंभर किलो आणि बॅगा सोडायच्या नाहीत.

चोर्ला लाईनचा ड्रायव्हर
मी बेळगाव गोवा लाईनवर ट्रेलर चालवतो, सतरा वर्षं झाली. वजनाचं वहिनींनी सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. अमरिलोकडचा भाग सपाट मैदान, वारा आडवा लागतो असं आमच्यातला एकजण तिकडं ट्रक चालवतो तो नेहमी सांगतो. २९ फुटाची उभी भिंत मागं हाय, तिला वारा ढकलणार, आणि मोठा कंटेनर शेजारून गेला की आधी बाहेर ढकलतो मग आत ओढतो. शेपटी हलायला लागली तर तुम्ही तवंदीला केलं ते करायचं नाही, म्हणजे पुढच्या गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवून सावरायला जायचं नाही, आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढे हातानं लावायचे. त्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात, केबिनमधे त्याचा कंट्रोलर असतो, त्याला हाताचं बटण नाहीतर पट्टी असते. मागचा ओढून धरला की सगळं सरळ होतंय. तुमच्या ट्रॉलीला तेवढंच नव्हतं भावा, त्यात तुमची चूक धरू नका.

निघायच्या आधी मोकळ्या मैदानात ते बटण पाच-पन्नास वेळा दाबून हाताला सवय लावा, बघून शोधायला वेळ मिळत नाही. उताराला टो मोड, म्हणजे ओझं ओढायचं सेटिंग, लावून खालच्या गिअरमधे उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, आपल्या घाटातलाच नियम. ट्रेलरच्या टायरवर स्पीड बघा, बरेच टायर १०५ च्या वर चालवायचे नसतात. मी असतो तर ९५ च्या वर गेलो नसतो.

टिळकवाडीची वहिनी
आणि गाडीच्या इन्शुरन्सवर तुम्ही चालवलेलं चालतं का हे दाजींना लेखी विचारून घ्यायला सांगा, पहिल्यांदाच जाताय तर शहरातून आणि घाटातून त्यांनाच चालवू दे. वाटेतल्या पेट्रोलचा खर्च पण धरा, असला ट्रेलर मागे असला की लिटरला साडेतीन-चार किलोमीटर मिळतात.

मार्ग दोन आहेत माझ्या मते. एक तर लहान ट्रेलर, भरून ५,५०० पाउंडाचा, मग हुकावर ३२४ किलो येतात आणि पाच जण जेमतेम बसतात, हौदा रिकामा ठेवून. नाहीतर हाच घ्यायचा असेल तर ट्रकमधे दोघंच, बाकीचे आक्काच्या गाडीतून मागे मागे. आईंना पण ते बरं पडेल, वाटेल तिथे थांबता येतं.

निपाणीचा ट्रॅक्टरवाला
काल रात्री दाजींशी तासभर बोललो, हिशोब लिहून पाठवला. आधी म्हणाले तू उगा काळजी करतोस, मग आक्कानं फोन घेतला. मी तवंदीचं तिला कधीच सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली २९ फुटी नको.

आता २२-२३ फुटाचा, भरून ५,५०० च्या आतला बघतायत, आणि आई आणि भाची तरीपण आक्काच्या गाडीतनंच येणार. मेस्त्री, टेपचं दाजींना लगेच पटलं. तिकडं ट्रकवाल्यांच्या थांब्यावर काटा असतो, आपल्या कारखान्याच्या काट्यासारखाच पण पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर असं वेगवेगळं वजन देतो. शनिवारी टाकी फुल करून तिघं नुसता ट्रक घेऊन जाणार आहेत, रिकाम्या गाडीचं आधी करून ठेवायचं म्हणून. आकडे आले की इथं टाकतो, तेवढे बघून सांगा.