काचेची बासरी वाजते का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): गेल्या पावसाळ्यात माझ्या बांबूच्या बासरीला उभी चीर गेली, जीव हळहळला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काचेची आडवी बासरी जपलीय. ती खरंच वाजते?

उत्तर: वाजते, दादा! पॅरिसच्या क्लोद लोराँने १८१३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्यासाठी घडवलेली. लोराँ मूळचा घड्याळजी, १८०६ मध्ये काचेच्या बासरीचं पेटंट घेतलं. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, सूर हलतो. काच दमट होत नाही. २०२२ मध्ये अमेरिकी गायिका लिझोने ती भर मैफलीत फुंकली. व्हिडिओ बघताना माझाच श्वास अडकला होता!

दुसरं उत्तर: चिरेवर दोरा घट्ट गुंडाळ, आतून मोहरीचं तेल दे. टाकू नकोस रे ती.

प्रश्नकर्ता: आजच गुंडाळतो, काका.