मदत हवी आहे : गल्लीची आणि पोलिसांची मिळून समिती कशी उभी करायची?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या एका जुन्या वस्तीत राहतो. इथली चौदा-पंधरा वर्षांची पोरं शाळा सोडून समाजमंदिरामागच्या अंधारात बसतात. हातात मोबाईल, त्यात कोयता नाचवणारे रील, आणि शेजारी नशेसाठी हुंगलेले व्हाइटनरचे बोळे पडलेले. त्यातल्या निम्म्यांचे आई-बाप पहाटेच कामावर जातात. नुसता पोलिसी धाक दाखवून हे सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. दिवा, शाळा, रोजगार आणि बंदोबस्त हे सगळं एकदम हलायला हवं.

भिवंडीत 1988 नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या, म्हणजे वस्तीतली माणसं आणि पोलीस यांच्या एकत्र समित्या, उभ्या केल्या. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, तरी भिवंडी शांत राहिली. तिथं प्रश्न दंगलीचा होता, आमचा वेगळा. पण नेहमीच्या बैठकीतून ओळख वाढवायची ही रीत इथंही चालेल असं वाटतं.

आमच्याकडं तालीम आहे, बायकांचे बचत गट आहेत. तालमीचे वस्ताद पोरांना संध्याकाळी आखाड्यात घ्यायला तयार आहेत.

आता विचारायचं ते हे : समितीची नोंदणी करावी की साधीच ठेवावी? बीट अंमलदार (आमच्या भागाचा नेमलेला पोलीस) बदलला की सगळं थंडावतं, त्यावर उपाय काय? महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसचा माणूस बैठकीला नियमित यावा म्हणून काय केलंत? आणि मुख्य म्हणजे, निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या इच्छुकांनी समिती ताब्यात घेऊ नये म्हणून काय नियम घातलेत? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.