मनाई हुकूम असताना बांध फोडला, अवमानाचा अर्ज कुठे करायचा?

माणदेशी लेक
आमची जमीन माण तालुक्यात. गटात आण्णांचा (माझे वडील, वय ७४) हिस्सा २ एकर १० गुंठे, लागून चुलत्यांचा. चुलतभाऊ बांध कोरायला लागला म्हणून दावा लावला. निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) दोन्ही बाजू ऐकून नोव्हेंबरात मनाई हुकूम झाला: निकाल लागेपर्यंत आमच्या वहिवाटीला हरकत करायची नाही, बांध मोडायचा नाही.

गेल्या रविवारी सकाळीच त्यानं जेसीबी घातला. आण्णा हुकमाची नक्कल हातात धरून मशीनपुढं उभे राहिले. तर म्हणाला, "वरच्या कोर्टात अपील टाकलंय, तो कागद आता चालत नाही." बघता बघता सत्तरेक फूट बांध सपाट झाला. आजीनं लावलेला लिंब मुळासकट आडवा केला, हद्दीचे दोन दगड ओघळीत ढकलले. मुरमात बकेटच्या दातांचे ओरखडे अजून स्पष्ट दिसतात.

पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली आणि दिवाणी वाद आहे, कोर्टात जा म्हणाले. आमचे वकील पुढच्या तारखेपर्यंत थांबा म्हणतात, ती दीड महिन्यानं आहे. आण्णांच्या पोटात दोन दिवस अन्न नाही. हा कोर्टाचा अवमान नाही का?

सह्याद्री ७७
थेट हायकोर्टात अवमान याचिका टाका. सहा महिने आत जाईल.

निवृत्त शिरस्तेदार
ताई, हायकोर्टाची घाई नको. १९७१ च्या अवमान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे हे खरं. पण तालुक्याच्या कोर्टाचा तूर्तातूर्त मनाई हुकूम मोडला तर त्याचा रस्ता दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे: आदेश ३९, नियम २-अ. ज्या कोर्टानं हुकूम दिला त्याच कोर्टात अर्ज. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. जप्ती वर्षापर्यंत राहते. तरी तो ऐकला नाही तर मालमत्ता विकून त्यातून तुम्हाला भरपाई देता येते. हा रस्ता मोकळा असताना हायकोर्ट बहुधा तिकडेच जायला सांगतं.

अपिलाचं बोलणं फोल आहे. नुसतं अपील दाखल केल्यानं हुकूम थांबत नाही, स्थगिती मिळावी लागते.

मी तीस वर्षं कोर्टाच्या टेबलावर असे अर्ज येताना पाहिले. बरेचसे पुराव्यावाचून पडले, आणि त्या माणसांचे चेहरे मला आजही आठवतात. सुप्रीम कोर्टानं २००९ साली अन्न महामंडळाच्या खटल्यात सांगितलंय की ही कारवाई शिक्षेच्या स्वरूपाची आहे, म्हणून पुरावा फौजदारीसारखा पक्का लागतो. त्याला हुकूम माहीत होता आणि माहीत असून त्यानं मोडला, दोन्ही सिद्ध करायचं. हुकूम झाला त्या दिवसाच्या रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीची) सही-शिक्क्याची नक्कल काढा. त्याचे वकील हजर होते ही नोंद त्यात असेल तर माहीत नव्हतं म्हणायला जागाच उरत नाही.

तारखेची वाट बघू नका. बोर्डावर घेण्याचा, म्हणजे तारखेआधीच सुनावणीला घेण्याचा, अर्ज द्या. त्याच दिवशी जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज (आदेश २६, नियम ९), आणि त्याच संहितेच्या कलम १५१ खाली पोलीस संरक्षण व बांध पूर्ववत करून मिळण्याचा. वळवाचा एक पाऊस पडला की ते ओरखडे गेले.

पानगावकर
शिरस्तेदार काका बोलतात ते मी भोगलंय. आमच्या हुकमात नुसतं "दावा मिळकत" होतं, चतुःसीमा धड नव्हत्या, मोजणीही झालेली नव्हती. समोरच्या वकिलानं उलटतपासात एवढंच विचारलं, "कुठला बांध, दाखवा." आमच्या साक्षीदारानं दोन वेगळ्या जागा सांगितल्या. अर्ज नामंजूर. ताई, मोजणीचा नकाशा आहे ना तुमच्याकडं? आणि फोटो ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

माणदेशी लेक
मोजणी दाव्याच्या आधीच झालीय, नकाशाची 'क' प्रत आहे. रोजनाम्याच्या नकलेचा अर्ज आज दिला, वकीलसाहेब उद्या बोर्डावर घ्यायला तयार झालेत. जेसीबीवाला आमच्याच गावचा आहे. त्यानं आण्णांना कागद दाखवताना पाहिलं, पण साक्षीला येईल का सांगता येत नाही. काका, एक विचारायचं राहिलं. लिंबाचं खोड तसंच आडवं पडलंय. आण्णांना ते बघवत नाही, बाजूला काढू म्हणतात.

निवृत्त शिरस्तेदार
नको. आण्णांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, कमिशनर येऊन पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावू नका. मुळं बांधाच्या कुठल्या अंगाला आहेत त्यावरून बांध नेमका कुठून जात होता ते कळतं. जेसीबीवाल्याला विनवण्या करू नका, कोर्टातून समन्स काढा. समन्स हातात पडलं की त्यालाही गावात सांगता येतं, मी आपणहून गेलो नाही.