नौदलात असूनही व्यापारी जहाजावर

तुमचे आजोबा ज्या जहाजावर होते ते नौदलाच्या यादीतच नाही, म्हणजे ते नौदलात नव्हतेच, हा तुम्हाला मिळालेला निष्कर्ष मला पटत नाही. जहाज यादीत नसणं आणि आजोबा नौदलात असणं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या आणि विमानांपासून बचावासाठी व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या आणि त्या चालवायला नौदलाचे तोफची दिले, त्यात रॉयल इंडियन नेव्हीचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश भारताच्या नौदलाचेही होते. तटस्थ देशाच्या बंदरात अडचण येऊ नये म्हणून जहाजाच्या खलाशांच्या करारनाम्यावर त्यांची नावं साधे डेकहँड, म्हणजे डेकवरचे खलाशी म्हणून चढत. आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरी माझ्या आजोबांच्या, अण्णांच्या पेटीत असाच कागद निघाला होता. त्यावरचं ‘डेकहँड’ वाचून काकामंडळी वर्षानुवर्षं म्हणत, अण्णा तोफेच्या गोष्टी पोरांना रंगवून सांगायचे. उलगडा झाला तेव्हा अण्णा नव्हते. ती हळहळ अजून जात नाही.

तेव्हा शोध सोडू नका. फक्त नुसत्या नावावर जाऊ नका, एका नावाची अनेक जहाजं असत. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाला स्वतःचा अधिकृत क्रमांक असे, तो त्या काळच्या लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या सूचीत सापडतो. १९३० ते १९४५चे खंड ऑनलाइन आहेत. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये १९३९ ते १९४५च्या खलाशी-याद्या ‘बीटी ३८१’ या मालिकेत याच क्रमांकानुसार लावल्या आहेत. यादी हाती आली की डेकहँडांची नावं एकेक करून वाचा.