गेटचा फोन परत बंद

ग्रुप: 🏢 आपली सोसायटी डोंबिवली पूर्व (फक्त महत्त्वाचे मेसेज)

पाटील ए-५०२: काल संध्याकाळी परत तेच. औषधवाला गेटवर १५ मिनिटं उभा, वर कॉलच नाही, का तर गेटचा फोन बंद. आईच्या बीपीच्या गोळ्या परत गेल्या. मेंटेनन्स आम्ही ५ तारखेच्या आत भरतो, कमिटीला एक फोन चालू ठेवता येत नाही का?

दामले काका बी-१०१: बॅटरी पूर्ण शून्य होऊ द्यावी. मग पूर्ण १०० करावी. मधेच लावली की तिला सवय लागते. मी मागेच सांगितलं होतं.

सावंत (सेक्रेटरी): पाटील साहेब, गोळ्या मिळाल्या का मग? फोन २४ तास चार्जिंगलाच असतो, तरी बंद कसा पडतो मलाही कळत नाही. आज जाऊन बघतो.

पाटील ए-५०२: गोळ्या मीच जाऊन आणल्या. प्रश्न तो नाही.

जोशी मॅडम सी-२०३: रात्रीचा वॉचमन रील बघत बसतो, मी स्वतः पाहिलंय. शिवाय त्याचा स्वतःचा फोन लॉबीतल्या सॉकेटला, म्हणजे कॉमन मीटरवर. बिल का वाढतंय ते आता तरी बघा.

निनाद सी-४०४: काकू हिशोबच करू की. फोनची बॅटरी ५००० एमएएच, व्होल्टेज साधारण ३.८५, म्हणजे १९ वॉट-अवर, चार्जर गरम होतो तो तोटा धरून २५ म्हणा. १ युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे फोन शून्यापासून १०० पर्यंत ४० वेळा भरला तर १ युनिट. बिचाऱ्याने महिनाभर रोज लावला तरी १ युनिट होत नाही. त्यापेक्षा तुमच्या मजल्यावरचा पॅसेजचा दिवा दिवसा चालू असतो तो जास्त खातो

जोशी मॅडम सी-२०३: तो दिवा आमच्या दाराशी नाही, २०४ च्या दाराशी आहे.

सी-२०४: आम्ही ग्रुपवर आहोत हं 🙂

जोशी मॅडम सी-२०३: मी नाव घेतलं नाही कोणाचं.

दामले काका बी-१०१: बॅटरी पूर्ण शून्य होऊ द्यावी. मग पूर्ण १०० करावी.

कुलकर्णी काकू ए-१०३: विषय निघालाच आहे तर विचारते, माझा फोन सकाळी १०० असतो आणि दुपारी १ ला ३० वर येतो. मी कुठे जात नाही, घरातच असते. सगळी ॲप्स बंद करते सारखी सरकवून सरकवून, तरी तेच. नातू म्हणतो नवीन घे

निनाद सी-४०४: काकू लगेच नवीन नको. ते सरकवणं आधी थांबवा, मागे पडलेलं ॲप बहुतेक वेळा झोपलेलंच असतं, तुम्ही हाकलून परत उघडलं की त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यातच बॅटरी जास्त जाते. सेटिंग्जमध्ये बॅटरी म्हणून आहे, तिथे कोण किती खातंय ते दिसतं. बघून सांगा

कुलकर्णी काकू ए-१०३: थांब चष्मा आणते

कुलकर्णी काकू ए-१०३: सगळ्यात वर मोबाईल नेटवर्क आहे. मग व्हॉट्सॲप. मग भजनाचं

निनाद सी-४०४: स्वयंपाकघरात किती काड्या येतात?

कुलकर्णी काकू ए-१०३: ओट्याशी एक. कधी तीही नाही. हॉलमध्ये तीन येतात

निनाद सी-४०४: सापडलं. रेंज नसली की फोन गप्प बसत नाही, जास्त जोर लावून टॉवरला हाका मारत राहतो. पलीकडच्या गच्चीवरच्या माणसाशी बोलताना आपण ओरडतो तसं, आणि हा दिवसभर ओरडतोय. त्यात ५जी कधी येतं कधी जातं, तेवढ्यासाठी उड्या मारत बसतो. घरात वायफाय आहे ना? वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो, ५जी बंद करून ४जी वर ठेवा, आणि फोन ओट्यावर नको. संध्याकाळी येऊन करून देतो

कुलकर्णी काकू ए-१०३: ये. आज थालीपीठ आहे

मयूर बी-३०२: थालीपिठाची रेंज बी विंगपर्यंत येते का 😂

मयूर बी-३०२: बाय द वे निनादचं खरं आहे. मी फास्ट लोकलने जातो, वाटेत मधेच रेंज जाते, मग फोन परत शोधायला लागतो, पूर्ण प्रवासभर टॉवर बदलत असतो. दादरला उतरलो की फोन खिशात गरम. आता ठाण्यापर्यंत एअरप्लेन मोड, गाणी आधीच उतरवून ठेवलेली. ऑफिसला पोचल्यावर आधीपेक्षा बरीच शिल्लक असते

शिंदे बी-४०१: आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या नंबरवर का आहे ते पण सांगा कोणीतरी. या ग्रुपवर सकाळी ६ ते ८ किती गुलाबाची फुलं पडतात ते मोजा.

नाईक आजोबा ए-२०१: शुभ प्रभात म्हणणं हा संस्कार आहे.

शिंदे बी-४०१: आजोबा तुम्हाला नाही हो 🙏

नाईक आजोबा ए-२०१: फुलं मीच टाकतो.

निनाद सी-४०४: आजोबा टाका तुम्ही. ज्यांना नको त्यांनी ऑटो डाउनलोड बंद करावं, म्हणजे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरत नाहीत. तरी एरवी, रेंज नीट असली तर, सगळ्यात जास्त बॅटरी बहुतेक वेळा स्क्रीनच खाते, ब्राइटनेस थोडा खाली आणा. डार्क मोडचा फायदा फक्त ओएलईडी स्क्रीनला, कारण त्यात काळा भाग पेटतच नाही. जुन्या एलसीडीला मागचा दिवा कायम चालू, तिथे काळं काय पांढरं काय

सावंत (सेक्रेटरी): गेटवर आहे. फोटो टाकतोय.

सावंत (सेक्रेटरी): (फोटो)

सावंत (सेक्रेटरी): फोन टेबलावर सपाट बसत नाही, बोट लावलं की पाटासारखा डोलतो. मागचं झाकण एका बाजूने उचललंय, दोन रुपयाचं नाणं आत जाईल एवढी फट आहे. कव्हर असल्यामुळे इतके दिवस दिसलं नाही. हात लावला तर चांगलाच गरम.

निनाद सी-४०४: काका चार्जर आधी काढा!! बॅटरी फुगलीय. बंद करा आणि झाकण दाबून बसवायला जाऊ नका. टोचायचं नाही, वाकवायचं नाही. मोकळ्यावर ठेवा, केबिनमध्ये नको

सावंत (सेक्रेटरी): काढला. बंद केला. फोन खिडकीत असतो कारण वायर तिथपर्यंतच पोचते. पत्र्याची केबिन, दुपारी २ नंतर खिडकीवर सरळ ऊन.

निनाद सी-४०४: मग अजून काय हवं. मोबाईलमधल्या लिथियमच्या बॅटरीला उष्णता अजिबात चालत नाही. आयफोनवाले तर ३५ डिग्रीच्या वर वापरू नका म्हणतात, मे महिन्यात ती पत्र्याची केबिन किती तापत असेल विचार करा. वर २४ तास १०० टक्क्यांवर, म्हणजे सतत ताणलेली. ऊन आणि पूर्ण भरलेली हे दोन्ही एकत्र आलं की आत गॅस धरतो, तोच फुगवटा

पाटील ए-५०२: पण चार्जिंगला असताना बंद का पडतो? मूळ प्रश्न तोच होता.

सावंत (सेक्रेटरी): तेही कळलं. सॉकेट एकच आहे. संध्याकाळी ६ ला वॉचमन फोन काढून त्याला मच्छरची मशीन लावतो. नाल्याच्या बाजूला बसतो तो, लावणारच.

निनाद सी-४०४: बरोबर. मेलेली बॅटरी ४० टक्के दाखवते, कॉल आला स्क्रीन पेटली की व्होल्टेज एकदम बसतं आणि फोन बंद. रीलचा काही संबंध नाही जोशी काकू

जोशी मॅडम सी-२०३: मी रात्रीबद्दल बोलत होते.

शिंदे बी-४०१: पण चार्जिंगला २४ तास ठेवा हे कोणी सांगितलं त्याला?

सावंत (सेक्रेटरी): (फोटो) केबिनमध्ये कागद चिकटवलाय. "फोन कायम चार्जिंगला ठेवावा. चार्जर काढल्यास दंड. आदेशावरून."

मयूर बी-३०२: आदेश कोणाचा 👀

सावंत (सेक्रेटरी): मागच्या एजीएमचा (वार्षिक सभेचा) ठराव. सूचक पाटील साहेब.

ए-५०२ यांनी हा मेसेज डिलीट केला

पाटील ए-५०२: तेव्हा तसंच योग्य वाटलं होतं. सर्वांनी हात वर केले होते.

दामले काका बी-१०१: मी केला नव्हता. बॅटरी पूर्ण शून्य होऊ द्यावी.

निनाद सी-४०४: काका, तुम्ही हे कुठल्या फोनवर शिकलात?

दामले काका बी-१०१: आमचा कॉर्डलेस होता, १९९८ चा. आणि दाढीचं मशीन. दोन्ही असेच वापरले, मशीन ११ वर्षं टिकलं.

निनाद सी-४०४: मग तुमचं बरोबर आहे. त्यात निकेल-कॅडमियम असायची, तिला खरंच सवय लागायची. मोबाईलमध्ये लिथियम-आयन, तिला शून्यापर्यंत नेणंच वाईट. २०-३० ला लावा, ८० ला काढा, जमलं तर

दामले काका बी-१०१: म्हणजे मी बरोबर होतो.

निनाद सी-४०४: मशीनपुरते हो 🙏

सावंत (सेक्रेटरी): मोकळ्यावर कशात ठेवू? लाल बादलीत वाळू असायला हवी, बादली रिकामी आहे.

शिंदे बी-४०१: वाळू बी विंगच्या खाली कुंड्यांमध्ये गेली असं ऐकलंय.

दामले काका बी-१०१: ती माती आहे.

सावंत (सेक्रेटरी): रिकाम्या बादलीत ठेवून कंपाउंडला नेला, गाड्यांपासून लांब. उद्या सर्व्हिस सेंटरला देतो, बॅटरी ते घेतात, कचऱ्यात टाकायची नाही म्हणे. तोपर्यंत गेटवर माझा जुना फोन. ज्यांचे फोन दोन-तीन वर्षांचे आहेत त्यांनी आज कव्हर काढून मागून बघा.

कुलकर्णी काकू ए-१०३: माझा सपाट आहे

जोशी मॅडम सी-२०३: आमचाही. गोदरेजच्या कपाटातला जुना मात्र फुगलाय 😳 निनाद येशील का जरा

निनाद सी-४०४: थालीपीठ झालं की येतो. त्याला हात लावू नका

पाटील ए-५०२: कागद काढा तो. नवीन लिहा, दुपारी खिडकीत ठेवू नये. सॉकेट दुसरं बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनचं मी देतो.

सावंत (सेक्रेटरी): 🙏 ८० टक्क्यांवर थांबायचं सेटिंग असतं म्हणतो निनाद, नवीन फोनला ते लावून ठेवू.

दामले काका बी-१०१: नवीन फोन आणला की वापरायच्या आधी ८ तास चार्जिंगला लावावा.