एअर रायफलच्या नव्या स्टॉकवरचे डाग: कोणते चालवून घ्यावेत आणि कोणते परत करावेत?

प्रश्न – धुळेकर पालक

माझी मुलगी १० मीटर एअर रायफलचा सराव करते. तिच्या रायफलसाठी काळ्या ॲनोडायझिंगचा (विजेच्या साहाय्याने धातूवर चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा) ॲल्युमिनियमचा स्टॉक, म्हणजे रायफल धरण्याचा सांगाडा, आणि हवेचा एक जादा सिलिंडर नुकताच मागवला. किंमत आमच्या घराच्या मानाने मोठी आहे, म्हणून खोक्यातून काढताच प्रत्येक भाग उजेडात नीट पाहिला. स्टॉकच्या खालच्या खाचेत समोरासमोर दोन चंदेरी ठिपके आहेत. गालपट्टीचा काळा रंग मुख्य भागापेक्षा किंचित जांभळट दिसतो. पकडीच्या वरच्या बाजूस एक बारीक ओरखडा आहे, आणि सिलिंडरच्या मानेजवळही तसाच एक ओरखडा असून तो नखाला लागतो. शिवाय खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटचा एक स्क्रू अर्ध्यावर घट्ट होतो. विक्रेत्याच्या मते हे सारे किरकोळ आहे. मला उगाच तक्रार करायची नाही, पण मुलीच्या हातात सदोष वस्तूही द्यायची नाही. यातले नुसते दिसण्यापुरते काय आहे आणि खरा दोष कोणता, हे कसे ओळखावे?

उत्तर – जळगाव एमआयडीसी

नमस्कार. माझे रोजचे काम ॲनोडायझिंगचेच आहे, म्हणून आधी ठिपक्यांविषयी लिहितो. ॲनोडायझिंग करताना भाग गंधकाम्लाच्या टाकीत जिगला, म्हणजे भाग धरणाऱ्या सांगाड्याला, अडकवून सोडतात आणि त्यातून वीज वाहू देतात. जिगचा चिमटा जिथे धातूला टेकतो तिथे ऑक्साइडचा थर बसत नाही आणि त्यामुळे रंगही चढत नाही. समोरासमोर असलेले आणि खाचेत दडलेले दोन ठिपके म्हणजे जवळपास निश्चितपणे त्या चिमट्याच्या खुणा आहेत. चांगला कारखाना त्या लपत्या जागी घेतो. तुमच्या स्टॉकवर त्या तशाच आहेत, तेव्हा ही उणीव मानू नये. हेच ठिपके गालपट्टीच्या दर्शनी बाजूला असते तर मी स्वतः तो भाग परत केला असता.

रंगातल्या फरकाचे कारण बहुतेक वेळा धातूत असते. एकाच टाकीत एकच काळा रंग दिला तरी ६०६१ आणि ७०७५ या मिश्रधातूंवर छटा वेगळी उतरते. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असेल तर रंग राखाडीकडे झुकतो. दोन भाग वेगवेगळ्या खेपांत रंगवले असले तरीही फरक पडतो. याने मजबुती कमी होत नाही. मात्र थर नीट सील झालेला, म्हणजे त्याची सूक्ष्म छिद्रे बंद झालेली, नसेल तर पुढे घामाने आणि आपल्याकडच्या उन्हाने रंग उतरत जातो, म्हणून पांढऱ्या सुती कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन गालपट्टी पुसून पाहा. कापडावर काळे आले तर तो दोष आहे आणि तसे विक्रेत्याला स्पष्ट कळवावे.

ओरखड्याचा निर्णय त्याच्या तळाच्या रंगावरून करावा. ॲनोडायझिंग खड्डा भरत नाही, खालच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करते. तळ काळाच असेल तर ओरखडा यंत्रावर, म्हणजे थर चढण्यापूर्वी पडलेला आहे आणि वरचे संरक्षण शाबूत आहे. तळाशी चकचकीत धातू दिसत असेल तर तो नंतर पडलेला आहे, आणि अशा वेळी वस्तू खरोखर नवी आहे की कोणाकडून परत आलेली, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. डोळ्यांना शंका वाटली तर मल्टीमीटर (वीज वाहत असेल तर बझर वाजवणारे मोजयंत्र) लावा. ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे टोके हलक्या हाताने टेकवली तर काळ्या भागावर बझर वाजणार नाही. एक टोक चिमट्याच्या चंदेरी ठिपक्यावर आणि दुसरे ओरखड्याच्या तळाशी ठेवल्यावर वाजला, तर तिथे धातू उघडा आहे.

उत्तर – नाना, भुसावळ

वरचे विवेचन मला मान्य आहे. सिलिंडरच्या बाबतीत मात्र ‘किरकोळ’ हा शब्द मी मुळीच स्वीकारणार नाही. माझे आयुष्य तपासणी विभागात गेले आणि तिथला पहिला प्रश्न नेहमी हाच असे की हा भाग काय सोसणार आहे. स्टॉक फक्त भार पेलतो. सिलिंडर प्रत्येक भरणीला २०० बारच्या आसपास दाब सोसतो आणि तो दाब पुन्हा पुन्हा चढतो, उतरतो. नखाला लागणारा ओरखडा म्हणजे तिथे ताण एकवटणारी खाच होय, आणि मानेजवळची जागा तर सर्वांत नाजूक. तो सिलिंडर भरू नका, पॉलिश करू नका, त्यावर रंगही लावू नका. आहे तसा परत पाठवा. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला सिलिंडर ६५ अंशांपर्यंत तापला, तर २५ अंशांना २०० बार असलेला दाब सुमारे २२७ बारवर जातो, हेही ध्यानात असू द्या.

स्क्रूचे कारण वेगळे असू शकते. २५ मायक्रॉनचा थर साधारण निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे प्रत्येक पृष्ठभाग सुमारे १२ मायक्रॉन फुगतो. नेहमीच्या ६० अंशांच्या आट्यांत त्याचा परिणाम चौपट होतो आणि पिच व्यासात (आट्याच्या मधल्या उंचीवर मोजलेल्या व्यासात) ५० मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. जोर लावून स्क्रू आत घालू नका, आटे कायमचे जातील. त्याच मापाच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) कुशल माणसाकडून आटे हलके साफ करून घ्या. पण तेही विक्रेत्याची लेखी संमती घेऊनच.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक जागा मी सर्वांत आधी पाहिली असती: रायफलची यंत्रणा स्टॉकमध्ये जिथे बसते तो पृष्ठभाग. तिथे सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट तपासा. बाहेरचा भाग आरशासारखा असला आणि ही बैठक वाकडी असली तर स्क्रू आवळताच यंत्रणेवर ताण येतो आणि लक्ष्यावर छऱ्यांचा गट पसरतो. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, तिथे ही चूक लपत नाही.

उत्तर – नंदुरबारची ताई

दिसण्यालाही किंमत असते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. निर्दोष फिनिशचे पैसे मोजल्यावर दर्शनी ओरखड्याबद्दल बोलताना संकोच करू नये. वापरात बाधा नसेल तर किमतीत सूट मागणेही रास्त आहे. भाग रायफलला जोडण्यापूर्वी, खोक्यासह, तिरप्या उजेडात छायाचित्रे काढून ठेवा, कारण एकदा जोडल्यानंतर ओरखडा कोणाकडून पडला हे सिद्ध करणे कठीण जाते. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उत्तर मिळाले नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

प्रश्नकर्ता – धुळेकर पालक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. कापडावर रंग आला नाही. पकडीवरच्या ओरखड्याचा तळ काळाच आहे आणि मल्टीमीटरही गप्प राहिला, त्यामुळे स्टॉक ठेवून घेत आहे. बैठकीची फट गावातल्या टर्नरकडून मोजून घेईन. सिलिंडर परत घेण्यास विक्रेता आज तयार झाला असून बदली सिलिंडर पाठवणार आहे.

उत्तर – नाना, भुसावळ

योग्य केलेत. बदली सिलिंडर ताब्यात घेताना त्यावर कोरलेली उत्पादनाची तारीख आधी वाचा. या सिलिंडरांची मुदत सहसा उत्पादनापासून १० वर्षांची धरतात, विक्रीच्या दिवसापासून नव्हे. जुना साठा आला असेल तर तोही नाकारा.