देवावर भरवसा ठेवणाऱ्याने माणसापुढे हात पसरावा का?

वडगावशेरीची
जय ख्रिस्त. गेल्या पावसाळ्यात यांची चाकणची नोकरी गेली. पाच महिने पगार नव्हता. आम्ही कुणाला कळू दिलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "देवाला ठाऊक आहे, माणसांना कशाला सांगायचं? कुणाचे मिंधे व्हायचं नाही." दर रविवारी इस्त्रीचे कपडे घालून उपासनेला जायचो. कुणी विचारलं की "देवाची कृपा". दानार्पणाच्या थैलीत मूठ मिटून हात घालायचा, म्हणजे किती टाकलं ते दिसत नाही.

चौथ्या महिन्यात गॅस संपला तेव्हा मी महिला मंडळातल्या एका मावशींना फोन केला. संध्याकाळी त्या रिक्षाने आल्या. एका हातात चार पुडांचा डबा, दुसऱ्या हातात पिठाची पिशवी. भाजी अजून गरम होती. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. घरात साखर चार चमचे उरली होती, त्यातली दोन डब्यात घातली. घालताना लक्षात आलं, की देवाचे आभार मानायच्या आधी मी फिटंफाट करायला बसले आहे.

त्या दिवसापासून मला वाटतं, की आमचं गप्प राहणं हा विश्वास नव्हता, अभिमान होता. प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" असं म्हणतो ना आपण? 'माझी' नाही म्हणत. माझ्या वाटणीची भाकर देवाने दुसऱ्याच्या तव्यावर ठेवली असेल तर? तुम्हाला काय वाटतं?

जुना खडकीकर
ताई, तुमचे दिवस कसे गेले असतील ते कळतं, पण मत पटलं नाही. खोलीत जा, दार लाव आणि पित्याजवळ माग, असं प्रभूने सांगितलं आहे (मत्तय 6). ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने दहा हजारांवर अनाथ मुलं सांभाळली आणि पैशासाठी माणसाकडे शब्द टाकला नाही. त्याचं चरित्र वाचून आपल्या पंडिता रमाबाईंना बळ मिळालं आणि केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींचा आश्रम, प्रार्थनेवर उभं राहिलं.

आता मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनाविनंती येते आणि तिच्याखाली यूपीआय नंबर. विनंती देवाला आहे की आम्हाला, हेच कळेनासं होतं. मला त्याचं फार दुःख होतं. माझे वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. सहा मुलं वाढवली, पण कुणाच्या दारी गेले नाहीत.

केडगाव लाईन
काका, वडिलांबद्दल आदर आहेच. पण फॅक्टरीचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. ज्याचा पगारच थांबला, त्याची गोष्ट वेगळी.

आणि रमाबाईंची तुम्ही अर्धीच बाजू सांगितलीत. त्या 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, शहराशहरांत व्याख्यानं दिली, हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. त्यावर 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. म्हणजे त्यांनी मागितलं, उघडपणे मागितलं. केडगावला सगळा भार प्रार्थनेवर टाकला तो पुढे. तिथेही शेती होती, विहिरी खणल्या होत्या, छापखाना होता, दुष्काळातून आणलेल्या मुली हातमाग शिकत होत्या.

रात्रपाळी
मी एका हॉस्पिटलात आया आहे. माझं थोडं दोघांच्याही विरुद्ध आहे.

'लीन व्हा' हे वचन मला कधी ऐकवतात माहीत आहे? जादा पाळीचे पैसे मागितले की. ऐकवणारेही विश्वासणारेच. ज्याची मान आधीच खाली आहे, त्याला लीनता शिकवू नका. शेवटच्या भोजनाला पाय धुतले ते गुरूने, येशूने, शिष्यांनी नाही (योहान 13).

पण त्याच अध्यायात त्याचा शिष्य पेत्र आहे. तो म्हणतो, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत. मला हा पेत्र रोज भेटतो. मोठ्या हुद्द्यावरची माणसं. मी बेडपॅन घेऊन गेले, की तोंड भिंतीकडे फिरवतात. आयुष्यभर दुसऱ्याला देत आलेली असतात, पण कुणी आपलं करतंय हे सोसवत नाही. एक आजोबा तीन रात्री तसेच राहिले. चौथ्या रात्री माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, कर." मला तेव्हा वाटलं, प्रार्थना याहून वेगळी काय असते!

ताई, मागितलंत ते बरंच केलंत. फक्त देणारा उभा राहून, फोटो काढून देत असेल तर घेऊ नका.

जुना खडकीकर
केडगाव लाईन, पगाराचं मान्य. त्या बाजूने विचार केला नव्हता. तरी मागायची सवय लागते, ही भीती जात नाही. 'काम करायचं नसेल त्याने खाऊही नये' हेही बायबलात प्रेषित पौलाने लिहिलं आहे. आणि ताई, ते चार महिने दार लावून केलेली प्रार्थना फुकट गेली असं तुम्ही म्हणणार का?

वडगावशेरीची
नाही काका, फुकट नाही गेली. फोन उचलायचं बळ त्यातूनच आलं. आणि काम न करण्याबद्दल म्हणाल, तर हे रोज सकाळी फाईल घेऊन बाहेर पडत होते. आता रांजणगावला लागले आहेत, पगार आधीपेक्षा कमी आहे.

सासूबाईंना माझं अजून पटलेलं नाही. मागच्या महिन्यात त्या मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा आठ दिवस डबा आमच्याकडून गेला. पहिल्या दिवशी परत आला तो घासून पुसून, रिकामा. सासूबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा त्यांनीच भरला.